जुन्या बाजारातला नवखा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. फाटकापुढे बोललो, मंडपात बोललो, पोलिसांच्या गाडीतही बोललो. म्हणून मी त्यांना म्हटले, की एकदा तरी मला माझ्या हौसेवर बोलू द्या. विषय ऐकून ते जरा चमकले. जुन्या वस्तूंची हौस ही वाडेवाल्यांनी करावी. नववीत शाळा सोडलेल्या आणि युनियनच्या कचेरीत सतरंजीवर झोपणाऱ्या माणसाला ती कोठून लागली? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देता देताच माझे व्याख्यान संपेल.

आधी एक खुलासा. मी जाणकार नव्हे. पुराणवस्तूंचे शास्त्र जाणणारे विद्वान आपल्या नागपुरात आहेत. १८६३ सालापासून उभे असलेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण प्रेमाने अजब बंगला म्हणतो, तेही येथेच आहे. मी केवळ एक नवखा गिऱ्हाईक आहे, जुन्या बाजारात फसलेला, थोडे शिकलेला आणि एकदा मनातून चांगलाच लाजलेला. त्या तीनही गोष्टी मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

नागपूरकराला बाजार नवा नाही. आपल्या शहराचे पेठांचे पंचांगच बाजारावर बेतलेले आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी : वार सांगा आणि वस्ती घ्या. परंतु या बाजारांत माणूस रोजच्या गरजेची वस्तू घ्यायला जातो. भाजी ताजी हवी, धान्य नवे हवे, कापड कोरे हवे. ज्या बाजारात वस्तू जितकी जुनी तितकी महाग, त्याची रीतच उलटी असते.

अशा बाजाराला युरोपात 'पिसवांचा बाजार' म्हणतात. हे नाव पॅरिसवरून आले. तेथे चिंध्या, हाडे, मोडके लोखंड वेचून पोट भरणारे हजारो लोक होते. १८८३-८४ च्या सुमारास पूबेल नावाच्या प्रशासकाने हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने कचरा झाकणाच्या डब्यात भरून ठेवावा. रस्त्यावरचा उकिरडा गेला आणि वेचणाऱ्यांची रोजीही गेली. त्या अधिकाऱ्याच्या नावावरून फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात. असे लोक शहराच्या वेशीबाहेर सरकले आणि सेंट ओवां येथे जमिनीवर फडकी पसरून वेचलेला माल विकू लागले. त्या बाजाराचा आरंभ सामान्यतः १८८५ सालचा मानतात. आज तेथे जगभरचे श्रीमंत येतात. पण त्या बाजाराचा पाया चिंधीवेच्यांनी घातला, हे आपण विसरू नये. माझ्यासारख्याला त्या बाजाराविषयी आपलेपणा वाटतो तो येथून.

आपल्या महाराष्ट्रात या जातीचे दोन मोठे बाजार. एक पुण्याचा मंगळवार पेठेकडचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरत आला. आणि दुसरा मुंबईचा चोरबाजार. दुसऱ्याचेच आज सांगतो, कारण माझी शाळा तीच.

काही वर्षांपूर्वी आझाद मैदानावरील एका धरण्यासाठी आम्ही मुंबईस गेलो होतो. गुरुवारी शिष्टमंडळाची भेट झाली, नेहमीचे आश्वासन मिळाले आणि गाडी शुक्रवारी रात्रीची होती. आमच्यातला एक जुना फिटर म्हणाला, "भाऊ, पहाटे उठा. तुम्हाला एक दुनिया दाखवतो." पहाटे आम्ही भेंडीबाजार आणि नळबाजार यांच्या मधल्या गल्ल्यांत शिरलो. मटन स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. इतर दिवशी तेथे जुन्या वस्तूंची दुकाने उघडी असतात. शुक्रवारी ती बंद, आणि रस्त्यावर पथारीवाल्यांचा जुम्मा बाजार. अजून उजाडले नव्हते. लोक हातात बॅटऱ्या घेऊन वाकून वाकून पाहत होते. आमच्या खात्यात रात्रपाळीला मशीन बिघडले, की सारे असेच वाकून पाहतात, त्याची मला आठवण झाली.

चोरबाजार हे नाव मूळचे 'शोरबाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार. इंग्रजांच्या उच्चारात शोरचे चोर झाले, असे सांगतात. बाजारातले लोक ही कथा मोठ्या आवडीने सांगतात आणि त्यांनी ती का सांगू नये? चोर म्हणवून घ्यायला कोणाला आवडेल? मीही तेथे धंदा केला असता तर तेच सांगितले असते.

काय नव्हते तेथे! जहाजाचे कंदील, पारशी घरांतल्या आरामखुर्च्या, मोटारींची चाके, सिनेमाची जुनी पोस्टरे, भिंतीवरची घड्याळे, कुलुपे, किल्ल्यांचे ढीग, चष्म्यांच्या काड्या, कोणाच्या तरी लग्नातला फोटो, एका पायाचा बूट. मी बराच वेळ कशालाही हात लावला नाही. एक म्हातारा विक्रेता हसून म्हणाला, "सेठ, देखने का पैसा नहीं लगता." आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी सेठ म्हटले होते. त्या एका शब्दाने मी पाघळलो आणि अर्ध्या तासात फसलो.

फसलो तो असा. मी तांब्याचे एक जाड नाणे घेतले. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हा सन. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते साल! माझ्या अंगावर काटा आला. पाचशे रुपये मोजले. नागपूरला आल्यावर नाण्यांचा नाद असलेल्या एका शिक्षकांना मोठ्या ऐटीने दाखवले. त्यांनी चष्माही न काढता सांगितले, "कंपनीने राम-सीतेचे असे तांब्याचे नाणे कधीच पाडले नाही. हे बिल्ले बाजारासाठीच बनवतात. पाचशेच गेले ना? लोकांचे लाखो गेले आहेत." मग त्यांनी मला ते तांदूळ ओढणाऱ्या तांब्याचे थोतांड समजावून सांगितले. अशाच एखाद्या नाण्यात किंवा भांड्यात दैवी शक्ती असून ते तांदळाचे दाणे ओढते, परदेशी कंपन्या ते कोट्यवधीला घेतात, असे सांगून आपल्या देशात कित्येकांना बुडवले आहे. लोभ आणि श्रद्धा एकत्र आली, की गिऱ्हाइकाला डोळे राहत नाहीत.

त्या पाचशे रुपयांची फी भरून मी जे शिकलो, ते आता आपल्याला फुकट सांगतो.

पहिला धडा असा, की पहिल्या दोन फेऱ्यांना खिशात परतीच्या भाड्याइतकेच पैसे ठेवावे. वस्तू हातात घ्यावी, उलटी करावी, परत ठेवावी. वस्तूचा दर्शनी भाग बनवणाऱ्याने आपल्यासाठी केलेला असतो. खरी हकीकत तिच्या तळाशी असते. खुर्चीची झीज हाताच्या जागी आणि पायांखाली हवी. सगळीकडे सारखी झीज असेल, तर ती माणसाने बसून केलेली नव्हे, कानशीने केलेली आहे.

दुसरा धडा तारखांचा. वस्तू खोटे बोलते, पण बहुधा तारखेत चुकते. वजनावर 'किलो' असे ओतलेले असेल, तर कोणी ते आजोबांच्या आजोबांचे म्हणून विकू लागल्यास हसावे. आपल्याकडे दशमान वजनांचा कायदा १९५६ सालचा. त्याआधी शेर आणि मण. नाण्यावर 'नये पैसे' असेल तर ते १९५७ नंतरचे. लाकडी पेटीत चौफुलीच्या खाचेचे स्क्रू असतील, तर ते स्क्रू १९३० नंतरच्या दशकात जगाच्या बाजारात आले, हे ध्यानात धरावे. पेटी त्याहून जुनी असू शकेल, पण मग कोणीतरी ती उघडून दुरुस्त केली आहे. चिनी मातीच्या बाहुलीवर 'ऑक्युपाइड जपान' असे असेल, तर ती १९४५ ते १९५२ या काळातली, म्हणजे जपान पराभूत होऊन परक्या सैन्याखाली असतानाची. एका बाहुलीच्या तळाशी एवढा इतिहास असतो.

नागपूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगे एक उदाहरण चांदीच्या रुपयाचे आहे. १८६२ पासूनच्या रुपयावर राणीचे नाव 'व्हिक्टोरिया क्वीन' असे आहे. १८७७ पासून ते 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' झाले, कारण १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिला सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी आपल्या गावात जमशेटजी टाटांनी आपली गिरणी सुरू केली आणि तिला नाव दिले एम्प्रेस मिल. गिरणी आता नाही. पण १८७६ सालचा 'एम्प्रेस' रुपया कोणी दाखवला, तर नागपूरच्या माणसाने तरी फसू नये. खरा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. खिशात लहान तागडी ठेवावी.

तिसरा धडा, खिशात लोहचुंबकही ठेवावा. पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाही. पिवळ्याधमक मूर्तीला चुंबक चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. ज्या ग्रामोफोनचे पितळी कर्णे बाजारात झगझगत असतात, त्यांच्यात एका यंत्राची पेटी, दुसऱ्याचा दांडा आणि कालपरवा बनवलेला कर्णा असे कितीतरी असतात. ते वाजतात, पण वाजणे म्हणजे जुने असणे नव्हे.

चौथा धडा माझ्या आवडीचा, कारण तो कारागिराचा आहे. भांडे घ्यायचे झाले तर त्याचा सांधा पाहावा. पत्र्याचे भांडे आज यंत्रावर दाबून किंवा फिरवून काढतात. त्यावर चक्राच्या बारीक गोल रेषा दिसतात. जुना तांबट पत्रा कापून, त्याच्या कडांना दाते पाडून, ते एकमेकांत गुंतवून जोड मारी. मग हातोडीने ठोकून ठोकून भांडे आकाराला आणी. त्या ठोक्यांच्या खुणा बोटाला कळतात. दातेरी सांधा आतून शोधावा, बाहेरून तो झिजलेला असतो. मी यंत्रावर काम केलेला माणूस आहे, यंत्राचा मला तिटकारा नाही. पण एका हंड्यावर किती ठोके पडले असतील, याचा हिशेब मी एकदा करू लागलो आणि मध्येच सोडून दिला. कोणत्याही वेतन मंडळाने त्या ठोक्यांचा दर ठरवला नव्हता.

पाचवा धडा कायद्याचा, आणि तो मात्र कान देऊन ऐकावा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ सालचा असून १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे, कलाकुसरीची वस्तू ही कायद्याने पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे पुरतात. तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि मूर्ती, जुनी चित्रे अशा ठरलेल्या प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीत सापडलेल्या धनासाठी तर १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे. आणि देवळातली मूर्ती कोणी कागदात गुंडाळून स्वस्तात देऊ लागला, तर स्वस्ताईकडे पाहू नये. कोठल्यातरी गावाचा देव चोरीला गेलेला असतो.

कायद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. वस्तू शंभर वर्षांची झाली की तिला संरक्षण. पण ती विकणाऱ्या पथारीवाल्याचे काय? २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने तोही विचार केला आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ आपोआप भरत आलेला बाजार हा वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथल्या विक्रेत्यांना उठवू नये, असे त्याच्या अनुसूचीत सांगितले आहे. कायदा चांगला आहे; तो वाचून दाखवणारा माणूस मात्र पथारीजवळ उभा पाहिजे. असो. नाही म्हणता म्हणता मी धरण्यावर आलोच!

आता नवखा विचारील, की एवढे सारे शिकून घ्यायचे काय? दिखाऊ वस्तूंच्या मागे लागू नका, असे मी म्हणेन. याबाबतीत आपल्यापुढे एक थोर उदाहरण आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला आरंभ केला. त्यांनी गोळा केले ते काय? दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कुलुपे, स्वयंपाकघरातली भांडी. मोठ्या लोकांच्या तलवारी सांभाळणारे पुष्कळ होते. सामान्य बाईच्या हातातली फणी जपावी असे त्यांना वाटले. बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पुण्यास गेलात तर अवश्य पाहा. आपल्या आजीचे घर तेथे काचेमागे दिसेल.

श्रोतेहो, येथपर्यंत मी वस्तू कशी ओळखावी ते सांगितले. परंतु त्या बाजारात दुसऱ्या-तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की वस्तू ओळखणे ही अर्धीच विद्या आहे. ती वस्तू येथे कशी आली, हे विचारणे ही उरलेली अर्धी. तिचा प्रवास बहुधा असा असतो : दारावर बोहारीण येते किंवा भंगारवाला येतो, तो मोडवाल्याला देतो, मोडवाला चांगले दिसेल तेवढे वेगळे काढून फेरीवाल्याला देतो, फेरीवाला दुकानदाराला, आणि दुकानदार हॉटेल सजवणाऱ्याला. प्रत्येक पायरीवर भाव चढतो. या साखळीत सर्वांत कमी कोणाला मिळते? जी बाई पहिल्यांदा आपल्या हाताने ती वस्तू दाराबाहेर देते, तिला. आणि ती वस्तू का देते? कधी घर लहान पडते म्हणून, कधी नवे हौसेचे घेतले म्हणून. आणि कधी चूल पेटत नाही म्हणून. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचा हिशेब पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे मांडला. पण गिरणगावातले किती हंडे आणि किती पराती त्या काळात मोडीत गेल्या, हा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

त्याच बाजारात एका दुकानाच्या पायरीवर एक पोरगा बसला होता. त्याच्यापुढे तांब्याचे एक मोठे घंगाळ होते. आपल्याकडे त्याला गंगाळही म्हणतात. विजेच्या चकतीने तो त्याचा काठ घासत होता. मी विचारले, काय करतोस? तो म्हणाला, "नाम निकाल रहा हूँ. गिऱ्हाईक को दूसरे का नाम नहीं मंगता." मी वाकून पाहिले. काठाखाली छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी टिचलेले एका बाईचे नाव होते. अर्धे गेले होते, अर्धे उरले होते. दुकानदाराने घंगाळाची किंमत चौदा हजार सांगितली.

आपल्या घराघरांत ही नावे आहेत. मुलीच्या लग्नात भांडी घ्यायची, दुकानातच नाव घालून घ्यायचे, आणि मग ती रुखवतात मांडायची. मला ते घंगाळ पाहून घाम फुटला, तो मुंबईच्या हवेमुळे नव्हे. कारण अगदी तसेच एक घंगाळ माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत होते.

ती हकीकत अशी. मी पंचविशीत होतो आणि युनियनच्या कामात नुकताच पडलो होतो. येथल्या एका कारखान्याला टाळे लागले. त्याचे नाव घेत नाही. आम्ही रोज सभा घेत होतो, टिका म्हणत होतो, निकाल आपल्या बाजूने लागेल म्हणत होतो. आमच्याच एका सभासदाच्या दारावर मी वर्गणीचा हिशेब द्यायला गेलो, तेव्हा अंगणात मोडवाला उभा होता आणि त्याच्या काट्याला ते घंगाळ लटकले होते. वहिनी दाराआड उभ्या. मोडवाल्याने भाव सांगितला. मला ते बघवेना. मी म्हणालो, "याला देऊ नका, मी घेतो," आणि मोडवाल्याच्या भावापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले. सायकलच्या मागे बांधून घरी आणले. त्या रात्री मला शांत झोप लागली. वाटले, आपण एका घराला मदत केली.

पंचवीस वर्षे ते घंगाळ माझ्या घरी राहिले. आमच्याकडे येणारे लोक त्याची तारीफ करीत. "काय अँटिक वस्तू आहे! कोठे मिळाली?" मी म्हणे, "मिळाली एका ओळखीच्यांकडे." दर दिवाळीला आम्ही ते चिंच आणि मीठ लावून लख्ख घाशीत असू.

चोरबाजारच्या त्या पायरीवर मी मनातल्या मनात हिशेब केला. मालक जेव्हा कामगाराच्या अडचणीचा फायदा घेऊन कमी दरात काम करून घेतो, आणि वर म्हणतो की मी नसतो तर याला तेही मिळाले नसते, तेव्हा मी फाटकापुढे उभा राहून त्याला काय काय म्हणतो! आणि मी काय केले होते? मोडीचा भाव अधिक पन्नास रुपये. वस्तू मोडीची नव्हती. अडचणीमुळे ती मोडीची ठरली होती. मदतच करायची होती, तर पैसे द्यायचे आणि घंगाळ तेथेच ठेवायचे. हे तेव्हा सुचले नाही, असे मी आजवर म्हणत आलो. खरे सांगायचे तर ते घंगाळ मला आवडले होते.

नागपूरला आल्यावर मी ते रिक्षात घालून वहिनींकडे गेलो. आमचा सभासद मित्र वारला होता. मुलगा कमावता झाला होता, पक्के घर होते. मी चौदा हजारांची हकीकत सांगितली आणि म्हणालो, "हे तुमचे तुम्हाला द्यायला आलो, नाहीतर जो फरक होतो तो देतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "फरक मागाले मी काय तुमच्या युनियनची मेंबर हाये का भाऊ?" मग हळूच विचारले, "नाव हाये का जी त्याच्यावर?"

मी काहीच बोललो नाही. पंचवीस दिवाळ्यांचे घासणे झाले होते. जाणकार लोक सांगतात, की जुन्या धातूवरचा काळाचा थर घासून काढू नये, त्याने वस्तूचे मोल जाते. नवख्याची ती पहिली चूक. मी ते पुस्तकात फार उशिरा वाचले. वहिनींनी काठाखालून बोट फिरवले. आपल्याला डोळ्यांनी दिसत नव्हते, ते त्यांच्या बोटाला सापडले. "हाये," त्या म्हणाल्या. "माझ्या मायनं घातलं होतं. तेव्हा राशनकार्डावर यांचं नाव, घराच्या कागदावर सासऱ्याचं नाव. माझं नाव यवढंच होतं लिहेल."

मग त्यांनी विचारले, की तेव्हा किती दिले होते? मी सांगितले. त्या आत गेल्या आणि तेवढेच पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी घेईना. त्या म्हणाल्या, "घ्या. आन् व्याजाचं काय होते ते सांगा." मी म्हणालो, "पंचवीस वर्षे मी भांडे वापरले, व्याज त्यात फिटले." त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग मी इकलं नोतं. गहाण होतं, असं म्हना ना भाऊ."

श्रोतेहो, मी पुष्कळ करारांवर सह्या केल्या आहेत. पण ज्या करारात दोन्ही पक्षांची मान ताठ राहिली, असा तो एकच असावा.

म्हणून माझे नवख्या गिऱ्हाइकाला एवढेच सांगणे आहे. जुन्या बाजारात जरूर जा. त्यासारखी दुसरी शाळा नाही आणि तिथला पथारीवाला हा आपला वैरी नव्हे. तोही पोटासाठी पहाटे उठतो. तागडी न्या, चुंबक न्या, तारखा पाठ करा, कायदा पाळा. भाव करा, पण अडलेल्या घराच्या दारात उभे राहून करू नका. एखादी वस्तू कोणाच्या नडीतून आपल्यापर्यंत आली असे कळले आणि ती परत करणे शक्य असले, तर परत करा. आणि ते शक्य नसले, तर निदान तिच्यावरचे नाव घासू नका. पाहुण्यांनी विचारले, तर कोणाचे आहे ते सांगा.

घरी गेल्यावर आपल्या माळ्यावरची जुनी भांडी एकदा खाली काढा आणि काठाखालून बोट फिरवा. कोणाकोणाची नावे निघतात ते पाहा. घरातल्या लहान मुलांना ती वाचून दाखवा.

माझ्या बाहेरच्या खोलीत घंगाळाची जागा आता रिकामी आहे. लोक विचारतात, ती वस्तू कोठे गेली? मी सांगतो, ती गहाण होती, सुटली.